बाबांच्या आवाजात लॉटरी

विंडोज एक्सपीवर मेल आली की वाजणारा तो आवाज ऑफिसात, सायबर कॅफेत, घराघरांत एकच होता. एका खोलीत तीन-चार कॉम्प्युटर असले की वाजायचं एकाचं आणि माना वळायच्या सगळ्यांच्या. तो बदलता येतो, हे ज्याला कळायचं त्याचा एक रविवार हमखास जायचा.

कंट्रोल पॅनेलमध्ये ‘साउंड्स अँड ऑडिओ डिव्हायसेस’, तिथे साउंड्सचा टॅब, आणि मग लांबलचक यादी. रिसायकल बिन रिकामी केली की कागद चुरगळल्याचा आवाज यायचा. त्या एका आवाजावर मात्र कुणीतरी खरंच डोकं लावलं असावं. यादीत ‘न्यू मेल नोटिफिकेशन’ शोधायचं, ‘ब्राउझ’ दाबायचं आणि आपली फाइल दाखवायची. फाइल वेव्हच हवी. एमपी3ला तिथे दारातच अडवत.

बरेच जण आवडत्या गाण्याचा तुकडा लावत. हा आत्मघात आहे. साहेबांच्या मेलबरोबर महिनाभर वाजलेली तान नंतर मैफिलीत ऐकतानाही पोटात गोळा आणते.

म्हणून मी बाबांना माइकसमोर बसवलं. ‘साउंड रेकॉर्डर’ तेव्हा एका दमात साठ सेकंदच घ्यायचा. बाबांना त्यातली निम्मी खाकरायला लागली. मग कोर्टात पुकारा करावा तशा आवाजात ते म्हणाले, “पत्र आलंय.” खाकरणं कापायचं राहिलं आणि खरं तर त्यानेच मजा आली.

अमेरिकेत असं आधीच होऊन गेलं होतं. एल्वूड एडवर्ड्स या निवेदकाची पत्नी ज्या कंपनीत होती, तीच पुढे ‘अमेरिका ऑनलाइन’ ही इंटरनेट आणि मेल पुरवणारी कंपनी झाली. 1989 साली एडवर्ड्सनी घरीच कॅसेट रेकॉर्डरवर चार छोटी वाक्यं बोलून दिली. त्यातलं ‘यूव्ह गॉट मेल’, म्हणजे ‘तुम्हाला पत्र आलंय’, पुढे कोट्यवधी लोकांनी ऐकलं. 2024 मध्ये ते गेले. प्रेमपत्र असो की नोकरी गेल्याची बातमी, त्यांचा सूर तोच प्रसन्न. बिचाऱ्यांना काय कल्पना, आपल्या मागून आत काय येतंय!

आमच्याकडे आत येत होतं ते भलतंच. आउटलुक एक्सप्रेस हा एक्सपीसोबत येणारा मेलचा प्रोग्राम आपणहून दर अर्ध्या तासाने मेल तपासायचं. बाबा खाकरून, गंभीरपणे “पत्र आलंय” म्हणायचे, आणि उघडावं तर लंडनच्या लॉटरीत पाच लाख पौंड लागलेले. पुढच्या वेळी नायजेरियातल्या कुण्या राजपुत्राचे अडकलेले पैसे. ज्या माणसाने आयुष्यात कुणाकडून चहाही फुकट घेतला नाही, त्याच्या तोंडी हे! शिवाय आतल्या खोलीतून खरे बाबा स्वतःच्याच हाकेला ओ देत, “कुणाचं गं?”

लॉटरीचं आहे म्हटल्यावर एकदा ते बाहेरच आले. प्रत्येकाच्या मेलला वेगळा आवाज लावता येईल का, म्हणाले. मी सांगितलं, मोठ्या आउटलुकमध्ये, म्हणजे ऑफिसबरोबर विकत मिळतं त्यात, तसा नियम करता येतो.

“मग ते घे,” बाबा म्हणाले. “आत्याच्या पत्राला माझा आवाज राहू दे. लॉटरीला काकाचा लाव. त्याचा तरी विश्वास बसतो त्यावर.”