नॉर्मल रिपोर्टांची पिशवी

दीड वर्षात मी छातीतल्या धडधडीच्या एकाच तक्रारीसाठी चार वेळा ईसीजी आणि एकदा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून घेतला. प्रत्येक वेळी कागद परत करताना डॉक्टर "काही नाही, टेन्शन घेऊ नका" एवढेच सांगत. ते ऐकून दोन दिवस बरे वाटे. तिसऱ्या दिवशी, तपासणीच्या वेळीच दुखणे नेमके लपून बसले असावे, अशी शंका पुन्हा डोके वर काढी.

मी चादर-टॉवेलच्या एका पेढीवर हिशेब पाहतो. पहिला झटका मे महिन्यातल्या दुपारी आला. जेवून नुकताच वह्या उघडून बसलो होतो, तोच छाती धडधडू लागली, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या, श्वास घशाशी अडकला आणि आपण आता मरणार याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. मालकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले. तेथे पोहोचेपर्यंत सारे ओसरलेही होते आणि मग मरणाच्या भीतीपेक्षा लाजच अधिक वाटली.

त्यानंतर माझे सोलापूर आक्रसत गेले. आधी नवी पेठेतली गर्दी सुटली, मग पंढरपूरची एसटी, मग जिने. लग्नाला गेलो तरी दाराजवळची खुर्ची धरायची, आणि खिशात पाण्याची छोटी बाटली व जिभेखाली धरायची गोळी असल्याखेरीज उंबरा ओलांडायचा नाही. ती गोळी मला कोणी लिहून दिलेली नव्हती. एका हृदयरोगी नातेवाइकाकडे पाहून मीच मेडिकलमधून आणली होती, हे येथे कबूल करायला हवे. आईने दोनदा मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पत्नी मात्र एका रात्री वैतागून म्हणाली, "अहो, हृदय तपासून झालं ना? आता मनाचं बघा की!"

त्याच रात्री मी 14416 हा क्रमांक फिरवला. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली असून ती चोवीस तास चालते. पलीकडच्या बाईंनी मराठीत शांतपणे सारे ऐकून घेतले आणि मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटण्यास सुचवले.

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून त्या विभागाच्या बाकावर बसणे हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत अवघड अर्धा तास होता. समोर ओळखीचे एक कारखानदार बसले होते. त्यांनी मला पाहिले, मी त्यांना पाहिले आणि आम्ही दोघांनीही भिंतीवरच्या कॅलेंडरात एकाच वेळी लक्ष घातले.

डॉक्टर मॅडमनी माझी रिपोर्टांची पिशवी पूर्ण पाहिली, थायरॉइडची एक तपासणी राहिली होती ती करून घेतली आणि पुढच्या भेटीत एक विचित्र गोष्ट करायला सांगितली. खुर्चीत बसून मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायचा. चाळीस सेकंदांतच ओठांना त्याच मुंग्या आणि डोक्यात तीच भोवळ! अतिश्वसनाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे मुंग्या व गरगर जाणवते. धडधडीला आपण हृदयविकार समजतो, त्या भीतीने धडधड वाढवणारे अॅड्रिनलिन हे संप्रेरक आणखी वाढते आणि चक्र पुरे होते, असे त्यांनी कागदावर वर्तुळ काढून समजावले. याला पॅनिक अटॅक म्हणतात; तो बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि मग आपोआप उतरतो. "काही नाही" हे उत्तर चूक होते, एवढे मला त्या दिवशी कळले. काहीतरी होते, फक्त ते हृदयात नव्हते.

मॅडमनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले आणि पहिल्या आठवड्यात मळमळ व बेचैनी उलट वाढली. आधी सांगून ठेवले नसते तर मी औषध नक्कीच सोडले असते. खरी मेहनत मात्र टाळलेल्या गोष्टींची यादी करून सोप्याकडून अवघडाकडे जाण्यात होती. पेढीचे दोन जिने सलग चढायचे, छाती धडधडू द्यायची आणि पाणी न पिता तेथेच उभे राहायचे. भीती घालवण्यासाठी जे जे जवळ बाळगले, त्यानेच ती टिकवून धरली होती, हे पटायला मला दोन महिने लागले.

यादीच्या शेवटच्या ओळीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे त्यांचा प्रतीकात्मक विवाह, होता. जानेवारीत संमती कट्ट्याभोवती पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या भक्तांची दाटी झाली, नंदीध्वजांच्या उंच काठ्या आल्या आणि "हर्र बोला हर्र"च्या गजरात माझी छाती ठरल्याप्रमाणे धडधडू लागली. दोन वर्षांपूर्वी मी पळालो असतो. या वेळी पाय रोवून उभा राहिलो. धडधड चढली, रेंगाळली आणि पाच-सात मिनिटांत उतरली. मुठीतल्या अक्षता घामाने हाताला चिकटल्या होत्या, त्या मी इतरांबरोबर टाकल्या.

बाटली मी घरीच ठेवून गेलो होतो. जिभेखालची ती गोळी मात्र पाकिटात होती, हे पुढच्या भेटीत मॅडमना सांगावे लागले. त्या हसल्या आणि यादीत आणखी एक ओळ वाढवली.