बीटामध्ये काय काय मावतं

साथीच्या गणितातला सगळ्यात गाजलेला आलेख आपल्या मुंबईचा आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ साली जो निबंध लिहिला, त्यात उदाहरणाला मुंबई बेटावरच्या प्लेगचे आकडे घेतले होते: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, दर आठवड्याचे मृत्यू. मी दादरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि साथीचा धडा इथूनच सुरू करते.

मांडणी सोपी आहे. लोकांचे तीन गट: लागण होऊ शकेल असे, आजारी, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. रोजची नवी लागण पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होते, आणि त्या प्रमाणाला म्हणायचं बीटा. लॉकडाऊन, मास्क, शाळा बंद, सगळी धोरणं या बीटावर घाव घालतात. एक्सेलमध्ये मुलं तासाभरात आलेख काढतात. चढतो, उतरतो, छान दिसतो.

प्लेगचे ठिपकेही त्या रेषेवर छान बसले होते. पण समीकरणात उंदीर नव्हता! गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे नेमकं त्या साथीच्या वर्षांतच परळच्या प्रयोगशाळेत सिद्ध होत होतं. लाट ओसरण्यात ऋतूचाही मोठा वाटा होता. म्हणजे आकडे जुळले तरी धोरण चुकू शकतं. १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा करून घराघरांत झडत्या घेतल्या, माणसांना उचलून वेगळं ठेवलं, आणि उंदीर मात्र वखारींतून फिरत राहिले. तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला.

कोविडमध्ये मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बंगळूरच्या आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) इथल्या लोकांनी वेगळी वाट धरली, आणि मला तिचं फार मोल वाटतं. त्यांनी संगणकात शहर उभं केलं. त्यातल्या प्रत्येक माणसाला घर, कामाची जागा, शाळा, वस्ती आणि प्रवास दिला. लोकल कधी आणि किती सुरू करावी, ऑफिसात किती टक्के माणसं बोलवावीत, हे मग एकेक करून घालून बघता येतं. झोपडपट्टीतला संपर्क त्यांनी वेगळा धरला. तो धरायलाच हवा होता: जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांत अँटिबॉडीज, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडल्या आणि इमारतींत सुमारे १६ टक्के. शहर एक, हुकूम एक, आणि एवढी तफावत.

वर्गात घाटकोपरच्या डोंगरावरच्या झोपडपट्टीतून येणाऱ्या एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, ‘घरी राहा’ म्हटल्यावर बीटा कमी केला. पण संडासची रांग कुठे धरायची?" त्या तासाला पुढचं काही शिकवलं नाही, फळ्यावर रांगच मांडली. एका संडासावर किती कुटुंबं, सकाळी किती वेळ उभं राहावं लागतं, दोन माणसांत किती अंतर. मुलांना सगळं तोंडपाठ होतं. सरासरी बीटा घेतला असता, तर हे सगळं शिवाजी पार्कच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मिसळून गेलं असतं.

लोकलचंही तसंच. रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. १५ जून २०२० ला फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला दोन डोस घेतलेल्या प्रवाशांसाठी. दोन्ही निर्णय मॉडेलमध्ये घालायचे तर डब्यात कोण आहे, कुठे उतरतो, घरी कोणाजवळ झोपतो, हे माहीत हवं. मॉडेल उद्याचा आकडा सांगतं का, हे विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी सांगा, कोणत्या दोन निर्णयांची तुलना करायची आहे, आणि तो निर्णय कोणाच्या घरात कसा पोचतो. एवढं मिळालं की गणित खरंच कामाला येतं.

यंदा मुलांना प्रोजेक्ट म्हणून आपापल्या वस्तीतल्या नळांच्या वेळा, संडासच्या रांगा आणि कामाच्या शिफ्ट मोजायला सांगितल्या आहेत. नावं, खोली नंबर काही लिहायचं नाही. पहिले तक्ते यायला लागले आहेत. पुढचं मॉडेल त्यावरच बांधू.