आमची वाटचाल : ट्रकच्या ब्रेकपासून जीपच्या हवाटाकीपर्यंत

आबांचं काम ट्रकच्या एअर ब्रेकचं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात दहा बाय वीसचा गाळा, बाहेर कायम दोन ट्रक उभे आणि आत फुस्स फुस्स आवाज. साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवायचा आणि बुडबुडा कुठं येतो ते बघायचं, हे मी शाळेत असताना शिकलो. हवेशी आमचं नातं तेव्हापासूनचं.

2012 च्या पावसाळ्यात गगनबावड्याकडचे एक पाव्हणे जुनी जीप घेऊन आले. त्यांचं शेत डोंगराच्या पोटात, वाट लाल चिखलाची. चिखलात टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो, जमीन धरतो आणि गाडी निघते, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. अडचण परतीची. 18 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) डांबरी रस्त्यानं कोल्हापूर गाठायचं म्हणजे टायर तापून त्याची वाट लागणार. "मालक, ट्रकला ब्रेकसाठी हवेची टाकी असते तशी माझ्या जीपला बसवा की," म्हणाले. आबा हसले, पण बसवली. वीस लिटरची, ट्रकचीच.

ती टाकी आम्ही चुकीची बसवली होती, हे आधी सांगून टाकतो. जागा नव्हती म्हणून पाणी काढायचा कॉक खाली न ठेवता बाजूला घेतला. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटतं, आणि गगनबावड्याच्या हवेत पाणी किती असतं ते वेगळं सांगायला नको. वर्षभरात टाकी तळातून गंजली. पट्ट्याही साध्या नटांच्या. दगडांवर आपटून त्या सैल झाल्या आणि एके दिवशी टाकी नुसत्या पाइपावर लोंबकळत आली. कुणाला लागलं नाही. आबांनी ती टाकी उभी चिरली. अर्धी अजून गाळ्यात खिळ्याला आहे, आतली गंजाची पापडी नखानं निघते.

त्यानंतरची काही वर्षं हे काम म्हणजे अधूनमधून कुणी हौशी आला तर. खरी पोटभरणी ब्रेकचीच. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि ट्रक येणंच थांबलं. तेव्हा हातात वेळ होता म्हणून मी आणि आमचा मिस्त्री एक टायर, एक टाकी आणि मोबाईलमधलं घड्याळ घेऊन बसलो. आधी कागदावर हिशोब केला. मोठ्या जीपच्या टायरात साधारण 50 लिटर जागा असते. 18 वरून 30 पीएसआय करायचं म्हणजे जवळपास 40 लिटर मोकळी, म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाची हवा आत ढकलायची. दहा लिटरची टाकी 8 बारला (साधारण 116 पीएसआय) भरलेली असेल, तर तिच्यातून टायरमध्ये जाऊ शकते ती 60 लिटर. पुढं टाकी आणि टायर यांचा दाब सारखा होतो आणि हवा जागच्या जागी थांबते. म्हणजे दीड टायर! चार सोडाच. प्रत्यक्षात भरून पाहिलं तेव्हाही दुसरा टायर अर्ध्यातच अडकला.

त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य हेच सांगतो : टाकी हवा साठवते, बनवत नाही. चार टायर भरायचे तर कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून भरणारं यंत्र, लागणारच. मग टाकी कशाला? टायर रिमवरून सुटला की त्याची कडा परत बसवायला एकदम भसकन हवा लागते, ती एकट्या छोट्या कॉम्प्रेसरला जमत नाही. एअर फिल्टरची धूळ उडवायलाही ती बरी. एवढ्यासाठी पाच-दहा लिटर भरपूर झाले. मोठी टाकी मागणाऱ्याला आम्ही बऱ्याचदा छोटी देऊन पाठवतो. धंद्याच्या दृष्टीनं हा वेडेपणा, असं आमच्या शेजारच्या गाळेवाल्यांचं मत आहे.

ऑक्टोबर 2020 मध्ये महिंद्राची नवी थार जीप आली आणि आमच्या दारातलं चित्र पालटलं. पुण्या-बेळगावहून पोरं येऊ लागली. आता पद्धत ठरली आहे. टाकीला वेल्डिंग कधीच नाही, कारण आच लागली की पत्र्याची ताकद गेली. गाडीलाही भोक नाही. मूळ रचनेला हात लावला की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कंपनीच्याच बोल्टांना पाट बसवायचा, त्यावर रबर, वरून दोन पट्ट्या आणि हादऱ्यानं सैल न होणारे नायलॉक नट. टाकी पाच मिनिटांत सुटली पाहिजे. सीटबेल्टच्या बोल्टाला मात्र हात लावायचा नाही.

कॉम्प्रेसरमधून हवा तापून निघते, त्यामुळं पहिला हातभर पाइप स्टीलच्या जाळीचा. निळा पीयू (प्लास्टिकचा) पाइप तिथं मऊ पडून फुगतो. मग हवा उलटी येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, टाकी, दाब दाखवणारं गेज. प्रेशर स्विच 120 पीएसआयला कॉम्प्रेसर बंद करतो. जादा हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह 150 ला, तेही विचार करून : सकाळी गारव्यात 120 भरलेली टाकी मे महिन्यात बंद गाडीत 60 अंशांपर्यंत तापली, तर 135 च्या आसपास जाते. करंट थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीला लागूनच. कॉम्प्रेसर 30 अँपिअर ओढतो, लायटरच्या सॉकेटला ते झेपत नाही. फ्यूज उडाल्यावर जाडी तार घालून आलेले महाभागही पाहिलेत.

प्रत्येक टाकी पाण्यानं भरून दीडपट दाबाला तपासतो. हवेनं तपासली आणि फाटली तर बॉम्ब, पाण्यानं फाटली तर नुसती गळती.

काही जण आग विझवायचं रिकामं नळकांडं घेऊन येतात, एकानं तर घरगुती गॅसची टाकी आणली होती. त्यांना चहा पाजून परत पाठवतो. कार्बन डायऑक्साइडची बाटली मागणारेही असतात. ती चार टायर सहज भरते, खोटं नाही. पण 20 अंशांना तिच्यात 57 बार असतात, आणि 31 अंशांपुढं आतला द्रव द्रवच राहत नाही, दाब झपाट्यानं चढतो. सिलिंडरचे नियम सांभाळणारी सरकारी संस्था 'पेसो' नागपुरात बसते. तिची मान्यता, ठरलेल्या मुदतीची तपासणी, हा सगळा व्याप आमच्या गाळ्याला पेलणारा नाही.

आबा आता दुकानात येतात ते बसायला. टाकी बसवून गाडी निघाली की उठून जातात, खाली वाकून कॉक बघतात आणि मालकाला विचारतात, "हे कशासाठी, सांगा बघू?" उत्तर आलं नाही तर चावी देत नाहीत. मागच्या आठवड्यात एका साहेबांना अर्धा तास थांबावं लागलं.