तुम्ही विचारलंत म्हणून: डबक्यातले जीव येतात कुठून?

दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच. कोकणातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मी पालथा पडून डबक्यात चहाचं गाळणं फिरवत असतो आणि जाणारा माणूस थांबतो. "मासे आहेत का?" नाहीत म्हटलं की तो बरणी हातात घेऊन उजेडाकडे धरतो. मग खरा प्रश्न येतो: "मे महिन्यात इथे पाय ठेववत नाही. पाण्याचा थेंब नसतो. मग हे आले कुठून?"

आले नाहीत. तिथेच होते.

बरणीतला मोठा जीव पेराएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा, आणि चक्क उलटा पोहणारा. पोट वर, पाठ खाली. पायांच्या अकरा जोड्या पुढून मागे लाटेसारख्या हलत राहतात. पोहणं, श्वास घेणं आणि पाण्यातलं खाणं गाळून घेणं, सगळं त्याच पायांनी. कोळंबीचा हा लांबचा नातेवाईक. इंग्रजीतलं 'फेअरी श्रिम्प' हेच नाव मीही वापरतो, कारण गावात कुणी याला नाव ठेवलेलं मी ऐकलेलं नाही. त्याच्याभोवती धक्के देत फिरणारे ठिपके म्हणजे पाणपिसवा आणि सायक्लॉप्स. तळाशी तिळासारखं काही घरंगळताना दिसलं तर तो दोन शिंपल्यांत बसलेला ऑस्ट्राकॉड. ही सगळी खेकड्या-कोळंब्यांच्याच खानदानातली मंडळी. त्यातल्या एकट्या कोपेपॉडांच्या, म्हणजे सायक्लॉप्सच्या गटाच्या, गोड्या पाण्यातल्या अडीच हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत.

जांभ्याच्या खळग्यातलं पाणी टिकतं थोडेच दिवस. तेवढ्यात फेअरी श्रिम्प मोठी होतात, अंडी टाकतात आणि मरतात. अंड्याचं कवच जाड असतं. आतला जीव अर्धवट वाढून थांबतो आणि चिखलाबरोबर वाळतो. ऊन, वारा, गुरांचे खूर, सगळं त्याच्यावरून जातं.

हे ऐकून कुणाला पटत नाही, म्हणून घरी करून बघा. मी एका मे महिन्यात डबक्याच्या तळाची पापुद्रे सुटलेली माती सुरीने खरवडून आणली. पाऊस लागल्यावर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ती घालून वर पागोळ्यांचं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी नुसतं गढूळ पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी विजेरी लावली, तर नारिंगी ठिपके उजेडाकडे झटके देत येत होते. ते मोठे झाले नाहीत, तो माझा हलगर्जीपणा. पण माती मी तशीच वाळवून ठेवली. पुढच्या वर्षी तीच पुन्हा भिजवली आणि त्यातून आणखी निघाले!

म्हणजे पहिल्या पाण्याला सगळी अंडी उघडलीच नव्हती. यातली हुशारी मला फार आवडते. वळवाची एक सर येते, डबकं भरतं आणि चार दिवसांत आटतं. सगळी अंडी त्या सरीला भुलली असती तर वंशच बुडाला असता. म्हणून काही उघडतात, काही दम धरतात. अमेरिकेतल्या तळ्यांच्या गाळातून काढलेली कोपेपॉडांची तीनशे वर्षांहून जुनी अंडीही उबलेली आहेत.

मग चौकस माणूस विचारतो, की इतकं चिवट बियाणं आहे तर सगळीकडे का नाही? जिथे मासे आहेत तिथे फेअरी श्रिम्प टिकत नाही, हे सरळ कारण. पक्ष्यांच्या पायांना चिखल लागतो, वाऱ्याने धूळ उडते, त्यातून अंडी प्रवास करतात. पण पोचणं वेगळं आणि रुजणं वेगळं. पूर्वी अभ्यासकांना वाटायचं, हे जीव जगभर सारखेच. म्हणून युरोपातली नावं आपल्या पाणपिसवांना सर्रास चिकटवली गेली. बारकाईने बघितल्यावर ती एकेक करून सुटायला लागली.

नावांचा उलटा प्रवासही झालाय. नागपुरात मिशनरी असलेल्या स्टीफन हिस्लॉपने जमवलेल्या नमुन्यांवरून विल्यम बेअर्डने 1859 साली एका शिंपलेवाल्या जिवाचं वर्णन केलं. आजचं त्याचं नाव 'सायक्लेस्थेरिया हिस्लोपी'. पुढे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जिथे उष्ण पाणी तिथे तो सापडत गेला आणि दीड शतक ती एकच जात समजली गेली. जनुकं तपासल्यावर कळलं, की त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्यात. आणि आपल्या सह्याद्रीतली 'स्ट्रेप्टोसेफालस सह्याद्रिएन्सिस' ही फेअरी श्रिम्प? तिला नाव मिळालं 2014 साली, रॉजर्स आणि पाध्ये यांच्याकडून. सातबाऱ्यावर मात्र सडा अजून पोटखराबच, म्हणजे पिकाला निरुपयोगी जमीन.

"प्यायल्या पाण्यातून पोटात गेले तर?" हाही प्रश्न असतो. वयस्कर माणसांना नारू आठवतो, कातडीतून लांब जंत बाहेर यायचा तो रोग. तो सायक्लॉप्समधूनच यायचा, आणि पाणी फडक्याने गाळण्याचा आग्रह त्यासाठीच होता. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. सायक्लॉप्स आहे तिथेच आहे, नारू गेला.

बघायचे असतील तर पाऊस स्थिरावल्यावर दहा-बारा दिवसांनी जा. पांढरी वाटी न्या, त्यात लगेच दिसतात. आणि बघून झालं की पाणी ज्या डबक्यातलं, त्याच डबक्यात ओता; शेजारच्यात नको.