पाना मागनं

मोटरसायकलचा एक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ती सळई, सरळ आहे की वाकलाय हे बघायला आमच्या घरात खात्रीची सपाट जागा एकच, स्वयंपाकघराचा ओटा. दुपारची भांडी झाली होती, घरातले सगळे आडवे झाले होते. मी गाडीच्या मागच्या चाकाचा जुना एक्सल ग्रॅनाइटवर ठेवला आणि एका बोटानं हळूच लोटला. सरळ एक्सल मुकाट्यानं घरंगळत जातो, वाकलेला लंगडतो. हा लंगडला. टक्, टक्, टक्. आवाजानं आई उठून आली. आधी ओट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कणीक मळते मी तिथं."

"पुसून देतो."

"साबणानं," म्हणाली आणि पुन्हा जाऊन पडली.

बारा मिलिमीटर जाडीची, वीतभराहून थोडी लांब अशी ती सळई. बेअरिंग बसतं तिथं एक चकचकीत खाच पडलेली. बेअरिंगवर 6301 असा आकडा असतो. आतलं भोक 12, बाहेरचा व्यास 37, जाडी पुन्हा 12. जगात कुठंही जा, 6301 म्हणजे हेच. एक्सलचा नट नीट आवळलेला असला की बेअरिंगची आतली रिंग आणि मधला कॉलर, म्हणजे नळीचा तुकडा, एकमेकांना दाबून धरतात. एक्सल उभाच राहतो, आतली रिंगही जागची हलत नाही, फिरतात ते फक्त छर्रे आणि बाहेरची रिंग. नट सैल राहिला की आतली रिंगही एक्सलवर फिरायला लागते आणि त्याला कुरतडते. आमचा नट कुणी सैल ठेवला हे मला माहीत आहे. नाव घेत नाही. मागच्या सर्व्हिसिंगनंतर त्यांनी गाडी मात्र झकास धुऊन दिली होती.

पुण्यात नाना पेठेत गाडीचे पार्ट घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ओरिजिनल देऊ का लोकल?" मला तिथं नेहमी वाटतं की हा प्रश्न आरशासाठी, सीट कव्हरसाठी ठीक आहे. एक्सलसाठी विचारूच नये. पण विचारतात, आणि लोक लोकल घेतातही. नवा एक्सल तेलकट प्लास्टिकच्या पिशवीत येतो. पिशवी फाडल्यावर जो वास येतो त्यावर माझा जीव आहे. घरात दुसऱ्या कुणाचाही नाही.

बसवणं तसं सोपं. जुन्याच्या टोकाला नवा टेकवायचा आणि त्यानंच जुन्याला बाहेर ढकलत न्यायचं, म्हणजे कॉलर आणि चेनचे अ‍ॅडजस्टर जागचे सुटत नाहीत. एक्सलच्या अंगाला ग्रीसचा पातळ हात. टोकाच्या आट्यांना, म्हणजे नट चढतो त्या वळ्यांना, मात्र नाही. ग्रीस लागलं की नट तेवढ्याच जोरात जास्त आत जातो, आणि एक्सल, म्हणजे शेवटी एक लांब बोल्टच, गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. बोल्ट ताणला जातो म्हणून तर धरून ठेवतो, आणि फार ताणला की लांबतो, मग त्याच्यात राम राहत नाही.

आणि मग नट. नट हातात धरायचा, टोकावर टेकवायचा आणि आधी उलटा फिरवायचा. सावकाश. एका जागी तो अगदी किंचित खाली पडतो, बोटांना बारीकसं टिक् जाणवतं. आट्यांची तोंडं जुळली. तिथून सुलटा. दोन-तीन फेरे बोटांनी गेले की काम झालं, पुढचं कोणीही करेल. बाटलीचं झाकणसुद्धा मी असंच लावतो. बायकोनं एकदा विचारलं, "झाकण लावताय का तिजोरी उघडताय?" प्लंबर नळाचं चेकनट थेट पान्यानं चढवायला लागला की मी तिथं उभा राहू शकत नाही, गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालतो.

हे खूळ मला कोल्हापुरात लागलं. अण्णांनी आणि काकांनी मिळून एक जुनी बुलेट घेतली होती. कितव्या हाताची होती हे दोघंही सांगत नसत. रविवारी ती अंगणात उघडी पडायची आणि नट-बोल्टांची ताटली धरायचं काम माझ्याकडे. त्या गाडीचे पाने माझ्या बालबुद्धीला झेपायचे नाहीत. एकाच तोंडावर इंचातली दोन मापं, 3/16 डब्ल्यू (व्हिटवर्थ) आणि 1/4 बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन). आणि पट्टी लावून मोजावं तर तोंड दोन्हीहून मोठं! पुढं कळलं की ते माप पान्याच्या तोंडाचं नसून बोल्टच्या दांडीचं. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थनं 1841 साली आट्यांना एक शिस्त लावून दिली, आट्याच्या घळीचा कोन 55 अंश. बुलेट 1955पासून मद्रासेत तयार व्हायला लागली तरी मापं विलायतीच राहिली. मेट्रिक आट्यांचा कोन 60. म्हणजे बाजारातला कुठला तरी मेट्रिक बोल्ट तिथं बसल्यासारखा दिसेल, बसणार नाही. मागच्या मालकांपैकी कोणीतरी असे पुष्कळ बोल्ट ठोकून बसवले होते. तो माणूस आम्ही कधी बघितला नाही, पण दर रविवारी आमच्या अंगणात त्याचा उद्धार व्हायचा.

असाच एक एक्सल गेला तेव्हा अण्णांनी मला उद्यमनगरात नेलं. दुपारची वेळ, सगळ्या गल्लीत लेथ चालू. मिस्त्रींनी ईएन-8 पोलादाचा गज चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरला, टूल टेकवलं आणि वरून पांढरं पाणी सोडलं. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलेल्या मुलाला ते दूधच वाटणार. मी विचारलंही. मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "लांब हुबा ऱ्हा बारक्या, बाही गुतंल." तेल मिसळलेलं पाणी होतं ते. मग त्यांनी आटे पाडायला घेतले. टूल एकदा जाऊन आलं, गजावर नुसता ओरखडा. परत गेलं, बरोबर त्याच ओरखड्यात. परत. प्रत्येक वेळी थोडं खोल. गज गरागरा फिरतोय आणि टूलला आपली घळ नेमकी कशी सापडते याचं मला इतकं नवल वाटलं की अण्णांनी दिलेला पेरू हातातच राहिला.

शेवटी मिस्त्रींनी गज पुसला, जुना नट घेतला आणि बोटांनी चढवला. गेला. अगदी तळापर्यंत गेला. अण्णांकडे वळून म्हणाले, "मास्तर, आटं बोटानं लागलं पायजेत. पाना मागनं."

अण्णांनी पुढं आयुष्यभर हे वाक्य वापरलं. गाडीसाठी कमी, आम्हा भावंडांच्या अभ्यासासाठी जास्त. तिथं ते फारसं लागू पडत नव्हतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

बोहरी आळीत बोल्ट मागायला गेलं की माझ्यातला बारक्या जागा होतो. तिथं बोल्टाच्या डोक्यावरचे आकडे वाचत उभं राहावं. 8.8 लिहिलेलं असेल तर तो मिलिमीटरच्या चौकोनाला 800 न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही, आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कायमचा लांबत नाही. 10.9 त्याहून वरचा. काहीच लिहिलेलं नसेल तर तो पत्र्याच्या शेडला लावावा. जुने लोक "टीव्हीएसचा दे" म्हणतात. गाडीवाल्या टीव्हीएसचा नव्हे, सुंदरम फास्टनर्सचा, डोक्यावर ती तीन अक्षरं असतात. दहाचा, म्हणजे दहा मिलिमीटर जाडीचा बोल्ट घेताना तर विशेष जपावं. हार्डवेअरच्या दुकानातला दहाचा दीडच्या आट्याचा, म्हणजे दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर, जपानी वळणाच्या गाड्यांवरचा सव्वाचा. नवा बोल्ट दोन-तीन फेरे गोडीगुलाबीनं जातो, मग अडतो. तिथं ज्यानं पाना उचलला त्यानं इंजिनच्या केसिंगमधल्या ॲल्युमिनियमच्या आट्यांचा भुसा केलाच म्हणून समजा.

हल्ली पोरं गाडीला चकचकीत स्टेनलेसचे अ‍ॅलन बोल्ट लावतात. दिसतात सुरेख. चेनकव्हरला लावा, नंबरप्लेटला लावा, माझं काही म्हणणं नाही. पण साधारण मिळणारं स्टेनलेस 8.8पेक्षाही मऊ असतं, आणि त्याच धातूचा नट घातला तर दोघं एकमेकांना असे चिकटतात की शेवटी कापावेच लागतात. ब्रेकच्या आसपास ही हौस नको.

ब्रेकवरून आठवलं. मागच्या ब्रेकप्लेटला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. तिच्या नटातून एक स्प्लिट पिन जाते, किंमत चहाच्या निम्मीसुद्धा नसेल. गाड्या बघत हिंडायची मला सवय आहे, आणि सिग्नलला उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांना तिथं पिनेऐवजी तार गुंडाळलेली दिसते. काहींना तीही नाही. तो नट गळून पट्टी सुटली तर ब्रेक दाबल्याबरोबर प्लेट चाकाबरोबर फिरायला जाते आणि चाक जाम होतं. मागं बायको बसलेली असते, टाकीवर पोर. मी एकदोनदा काच वाजवून, म्हणजे हेल्मेटची, सांगूनही बघितलं. माणसं आधी खिसा चाचपतात.

आमचं चाक बसलं. चेनला बोटानं वर-खाली करून बघितलं, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवल्या, मग पाना. पायदानाच्या चार बोल्टांपैकी एक गळाला होता, तो बोहरी आळीतून आणला. आठचा, डोक्यावर 8.8, आटे नेमके, बोटांनी सरळ आत गेला. फक्त डोकं तेराचं. गाडीचे मूळचे बाकी तिघं बाराचे. उद्या ही गाडी ज्याच्याकडे जाईल तो तिथं चौथ्या बोल्टला अडेल आणि माझा उद्धार करेल. करू दे. नाशिकच्या टपारियाचा दुतोंडी पाना एका तोंडाला बारा आणि दुसऱ्याला तेराच असतो, नुसता फिरवून धरायचा आहे.