अंधार पडायच्या आत

‘शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती कर, असं तुमचं शास्त्र सांगतं. पण हुकूम सोडून प्रेम येतं का हो?’ ऑफिसात, गाडीत, लग्नकार्यात हे मला नेहमी विचारतात. आज तुम्ही विचारलंत, म्हणून जरा नीट सांगते.

येशूने ही आज्ञा घेतली ती बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातून. 18वं वचन आम्हा सगळ्यांना तोंडपाठ, पण त्याच्या आधीचं वाचा. शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नकोस, सरवा वेचू नकोस, तो गरिबाला नि परक्याला राहू दे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नकोस. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नकोस. एवढं सगळं सांगून झाल्यावर मग प्रीतीचा शब्द येतो.

आमचं वावर नगर जिल्ह्यात. भुईमूग निघाला की आई म्हणायची, ‘माती परत उकरू नका.’ मागून बायापोरं खुरपी घेऊन यायची, राहिलेल्या शेंगा ओट्यात भरून न्यायची. मवाब देशातून आलेल्या बायबलमधल्या रूथने, त्या परक्या विधवेने, बेथलेहेमात बवाजाच्या शेतात असाच सरवा वेचला होता. दावीद राजा तिचा पणतू.

एकदा आईला ताप होता आणि मजुरीचा हिशेब माझ्याकडे होता. सुटे नव्हते, मी कामावरच्या बायांना ‘उद्या या’ म्हटलं. बाकीच्या गेल्या. एक जण रिकामा डबा फडक्यात बांधून बाभळीखाली तशीच उभी राहिली, बोलली काहीच नाही. आईने खिडकीतून पाहिलं. मला दुकानावर पिटाळलं आणि गेलेल्यांच्या घरीही पाठवलं, अंधार पडायच्या आत. जुन्या करारातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तेच लिहिलंय : सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला असतो.

मग शेजारी कोण? यहुद्यांचं नियमशास्त्र जाणणाऱ्या एका शास्त्र्याने येशूला हेच विचारलं होतं. येशूने गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला जाताना लुटलेला माणूस अर्धमेला पडलाय. याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, बगल देऊन गेला, मंदिरात सेवा करणारा लेवीही गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस, ज्याच्याशी यहुदी संबंध ठेवत नसत. त्याने तेल नि द्राक्षारस घालून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि तिथल्या माणसाला दोन दिनार दिले. दिनार म्हणजे तेव्हाचा एका दिवसाचा रोज. येशूने शेवटी शास्त्र्यालाच विचारलं, या तिघांत त्याचा शेजारी कोण झाला?

मला सगळ्यात जड जाते ती मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची आज्ञा. अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये नि अर्पण दे. बांधाच्या वादापासून चुलतभावाशी मी दोन वर्षं बोललेले नाही, आणि दर रविवारी चर्चमध्ये अर्पणाचं पाकीट मात्र टाकते. माझ्या मनावर सोडलं असतं तर आणखी दहा वर्षं अशीच गेली असती. त्याचा नंबर काल वहिनीकडून मागून घेतला आहे.