माझ्या दोन धरल्यास ना?

सकाळी पोळ्यावाल्या मावशींनी नेहमीसारखं दारातूनच विचारलं, "ताई, किती?" मी म्हटलं, "पाच." तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "माझ्या दोन धरल्यास ना गं?"

धरल्या होत्या. तरी दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. ऐंशी ओलांडलेल्या बाईला लेकीच्या घरी आपल्या दोन पोळ्यांची खात्री करून घ्यावी लागते?

आजी पोळ्या मोजू द्यायची नाही. "मोजलेलं पुरत नाही" म्हणायची. १९६१ साली पानशेतच्या पुरात नारायण पेठेतला वाडा गेला आणि भावाभावांची बिऱ्हाडं पांगली. कोणी गोखलेनगरला, कोणी सहकारनगरला. माझा जन्म त्यानंतरचा. पण मे महिन्यात सगळे आमच्याच दोन खोल्यांत जमायचे. एकोणीस माणसं, रॉकेलचा स्टोव्ह, भली मोठी परात. किती पोळ्या, हा प्रश्नच नसायचा. आता चुलत भावंडांचं येणं-जाणं राहिलं नाही. वाड्याच्या जागेचं ते हक्कसोडपत्र, त्यावरची माझी सही... असो.

आणि मी? पाच म्हणताना जराही अडखळले नाही. सहावी उरली तर उद्या फोडणीची पोळी करत बसा, हा हिशोब जिभेवर तयार. मुलगा बंगळुरूला गेल्यापासून आकडा नऊवरून तीनवर आला होता. आई आली म्हणून पाच. मागच्या आठवड्यात फोनवर तो म्हणाला की... नको, ते आज नको.

ह्यांना सांगून पाहिलं. "पाचच लागतात ना? मग?" म्हणाले आणि पेपर उलटला.

संध्याकाळी मेथी निवडताना शेवटी आईलाच विचारलं, सकाळी वाईट वाटलं का म्हणून. ती बघतच राहिली. "कशाचं?" मग एक काडी मोडत म्हणाली, "अगं, तेव्हा कुणी मोजत नव्हतं, म्हणून तर माझ्या राहायच्या. आधी पुरुष, मग पोरं, मग सासूबाई. आम्ही जावा बसेपर्यंत परातीत दीड गोळा उरलेला, तोही सैल पडलेला. कुणी विचारलंच तर सांगायचे, मला भातच आवडतो."

भातच आवडतो! आम्ही भावंडं आजवर तेच खरं धरून चाललो. तिच्या पंचाहत्तरीला मी मुद्दाम, हौसेने, पातेलंभर मसालेभात केला होता. आणि बाईसाहेबांनी दोनदा मागून घेतला होता.

आठवलं आणि मला हसूच फुटलं. तिलाही.

"तुझ्या त्या मावशींच्या पोळीला पापुद्रे छान सुटतात," ती म्हणाली. "उद्या गुळांबा काढणार आहेस ना? मग माझ्या तीन धर."

मावशींना लगेच मेसेज टाकला. उद्या सहा.